पत्रिकेत नाव कुणाचं? 'सुपर रोबोट वॉर्स'चे चाहते एवढे हळवे का होतात

२०२५ची गणेश चतुर्थी २७ ऑगस्टला होती. आमचा गणपती दीड दिवसाचा. त्यामुळे २८च्या संध्याकाळी गिरगाव चौपाटीवर विसर्जन उरकून, पायाची वाळू जिन्यावर सांडत आम्ही घरी आलो. रिकाम्या मखरासमोर सगळे गप्प बसलेले असतात तो अर्धा तास. भाच्याला तो सोसवत नाही, त्याने मोबाइल उघडला. थोड्या वेळाने म्हणाला, "मामा, हे बघ. हा माणूस रडतोय. रोबोट बघून रडतोय!"

पडद्यावर चाळिशी ओलांडलेले एक गृहस्थ एका गेमचा ट्रेलर बघत होते. एकामागून एक रोबो येत होते आणि हे दर वेळी खुर्चीतून उठत होते. मग सत्तरच्या दशकातला एक लाल-निळा रोबो आला, आणि त्यांनी चष्मा काढून डोळे पुसले. दुसऱ्या खिडकीत त्यांचा मित्र होता, तो मात्र दुसऱ्याच एका रोबोला बघून कपाळावर हात मारून म्हणत होता, परत हाच? एकच ट्रेलर, आणि एकाला हुंदका तर दुसऱ्याला वैताग. भाच्याला दोन्ही कळेनात. चहा होईपर्यंत मी त्याला जे सांगितलं, ते इथे जरा सावकाश सांगतो.

ही गेमची मालिका म्हणजे 'सुपर रोबोट वॉर्स'. जपानीत 'सुपर रोबोट ताइसेन', आणि लाडाने 'सुपारोबो'. पहिला भाग २० एप्रिल १९९१ला गेम बॉय या हातात धरून खेळायच्या यंत्रावर आला, आणि भाच्याने ज्याचा ट्रेलर पाहिला तो 'वाय' नेमका त्या दीड दिवसाच्या विसर्जनाच्या दिवशी बाजारात आला होता. म्हणजे चौतीस वर्षं झाली. अधलेमधले, उपकथांचे, मोबाइलचे असे सगळे धरले तर भाग इतके आहेत की मोजायला बसलं की दोन चाहत्यांचं भांडण होतं.

खेळ दिसायला साधा आहे. चौकोनांचा नकाशा, बुद्धिबळासारखी आळीपाळीने चाल. आधी तुम्ही तुमची सगळी प्यादी हलवायची, मग शत्रू त्याची. दोघं भिडले की नकाशा बाजूला होतो आणि त्या हल्ल्याचा छोटासा चित्रपट लागतो. गंमत प्याद्यांत आहे. हे रोबो गेमवाल्यांनी शोधलेले नाहीत. जपानच्या टीव्हीवर गेली पन्नास वर्षं ज्या रोबोंच्या मालिका लागल्या, त्यांतून ते मागून आणलेले आहेत. १९७२चा माझिंगर झेड, १९७४चा गेटर रोबो, १९७९चा गंडाम हे त्यांतले थोरले. पहिल्या गेममध्ये तर आत चालकही नव्हते, रोबोच एकमेकांशी बोलत. त्याच वर्षाच्या डिसेंबरात दुसरा भाग आला, त्यात चालक आले. माझ्या मते खरी मालिका तिथून सुरू होते, कारण माणसं आली की नाती आली, आणि नाती आली की रुसवे आले.

या रोबोंची दोन घराणी आहेत, ती कळली की चाहत्यांचं निम्मं बोलणं कळतं. एक 'सुपर रोबो'. एकुलता एक, कुणा आजोबांनी तळघरात बांधलेला, चालक हल्ल्याचं नाव बेंबीच्या देठापासून ओरडणार आणि मग मूठ सोडणार. दुसरा 'रिअल रोबो', म्हणजे लष्कराचं यंत्र. कारखान्यात बनलेलं, गोळ्या संपणारं, आणि आतला पोरगा युद्धाला कंटाळलेला. गेमने हा स्वभावातला फरक आकड्यांत बसवला. सुपर रोबोचं चिलखत जाड, तो मार खातो आणि उभा राहतो. रिअल रोबोचं पातळ, पण तो चुकवतो.

आता अडचण अशी की मूळ मालिकांत गंडाम १८ मीटर उंच आणि इदेऑन १०५ मीटर. एका चौकोनात दोघं शेजारी उभे कसे करायचे? गेमने सरळ सगळ्यांची डोकी मोठी आणि अंग आखूड करून टाकलं, जत्रेतल्या मुखवट्याच्या बाहुल्यांसारखं. सगळे एका उंचीचे झाले. उंचीचा मान गेला आणि पंगत एकत्र बसली.

यावर दोन गोष्टी फार हुशारीने बसवल्या आहेत. पहिली 'किर्योकु', म्हणजे जोश. प्रत्येक चालक साधारण १०० जोशाने मैदानात उतरतो, शत्रू पडले की तो वाढतो, आणि मोठा हल्ला १२० किंवा १३०शिवाय मिळतच नाही. ताशा शेकल्याशिवाय कडकडत नाही, तसं. दुसरी 'सेइशिन', म्हणजे चालकाच्या मनोबळाचे मंत्र. 'हित्च्यू' टाकला की नेम चुकत नाही, 'हिरामेकी' टाकला की पुढचा वार हमखास हुकवता येतो, आणि 'नेक्केत्सु', म्हणजे शब्दशः तापलेलं रक्त, टाकला की पुढचा घाव दुप्पट. ज्या रोबोत पाच जण बसतात, उदाहरणार्थ कॉम्बॅटलर व्ही, त्याला पाच जणांचे मंत्र मिळतात. एकटा हिरो कितीही थोर असला तरी त्याला ही चैन नाही. नियमांतच मूळ मालिकेचा स्वभाव उतरवण्याची ही खोड आहे, आणि चाहत्यांचा जीव तिच्यात अडकतो.

पण हा झाला खेळ. ट्रेलर बघून माणूस रडतो तो खेळामुळे नाही, यादीमुळे.

नव्या भागाची घोषणा झाली की पहिला प्रश्न चित्रं कशी आहेत, किंमत किती, हा नसतो. कोण कोण आलंय, एवढंच विचारतात. जपानी चाहते याला 'सान्सेन' म्हणतात, लढाईत सामील होणं. मी याला लग्नाची पत्रिका म्हणतो. आपल्याकडे पत्रिका हातात आली की जेवणाचा बेत कुणी वाचत नाही. आधी 'आपले विनीत'मध्ये कुणाची नावं आहेत, काकांचं वर आहे की खाली, मोठ्या आत्याचं राहिलं की काय, हे बघतात. इथे अगदी तेच. माझिंगर, गेटर आणि गंडाम ही तीन घरची मंडळी, जवळजवळ दर वेळी ठरलेली. जपानीत त्यांना तोकुगावा घराण्याच्या तीन शाखांवरून 'गोसांके' म्हणतात. 'परत हाच?' म्हणून कपाळावर हात मारणारा मित्र या मानकऱ्यांना कंटाळलेला होता. आणि ज्याची मालिका कितीतरी वर्षं बाहेर ताटकळली आणि आज आत आली, तो रडत होता.

मुंबईकराला हे वेगळं समजावायची खरं तर गरज नाही. ८ जुलै १९२१ला ग्रँट रोडच्या बालीवाला थिएटरात 'संयुक्त मानापमान'चा प्रयोग झाला. टिळक स्वराज्य फंडासाठी गंधर्व नाटक मंडळी आणि ललितकलादर्श या दोन स्पर्धक कंपन्या एका रंगमंचावर आल्या. बालगंधर्व भामिनी, केशवराव भोसले धैर्यधर. नाटक तर लोकांना पाठ होतं, तरी गर्दी लोटली. कारण उत्सुकता कथेची नव्हती. आपला माणूस त्यांच्या माणसाशेजारी उभा राहिल्यावर काय होतं, ही होती. आपल्याच्या पदाला टाळी किती पडली, त्याचा आब राहिला का, हे मोजायला माणसं गेली होती. तीन महिन्यांत केशवराव गेले, त्यामुळे त्या रात्रीला पुढे आणखीच तेज चढलं. सुपारोबोचा चाहता दर काही वर्षांनी असाच संयुक्त प्रयोग बघायला बसतो आणि मनातल्या मनात टाळ्या मोजतो.

म्हणून नुसतं पत्रिकेत नाव असून भागत नाही. चाहत्यांचा सगळ्यात जुना राग आहे 'इरुदाके सान्सेन'वर. इरुदाके म्हणजे 'नुसतं असण्यापुरतं'. मालिका यादीत आहे, रोबो मैदानात आहे, पण तिची गोष्ट गेम सुरू होण्याआधीच संपलेली. खलनायक येत नाही, प्रसंग येत नाहीत, चालक मागच्या रांगेत उभा राहून 'हो, चला!' एवढंच म्हणतो. लग्नाला बोलावलं आणि अक्षता हातात देऊन खांबाआड बसवलं, असं. निर्मात्यांची बाजूही आहे. वीसेक मालिका एका कथेत ओवायच्या, तर सगळ्यांना पूर्ण अंक कुठून देणार? तरी राग जात नाही, आणि मला तो रास्त वाटतो.

दुसरा राग उष्ट्या चित्रांचा. हल्ल्याची चित्रं हाताने काढायला वेळ आणि पैसा लागतो, म्हणून एका भागासाठी काढलेली पुढच्या भागांत परत वापरतात. २०१७चा 'व्ही', २०१८चा 'एक्स', २०१९चा 'टी' आणि २०२१चा '३०' हे लागोपाठ खेळलेल्या माणसाला कितीतरी हल्ले डोळे मिटून सांगता येतात. गंमत अशी की याच लोकांना मधल्या काळात त्रिमितीय रोबो देऊन पाहिले, गेमक्यूब, एक्सबॉक्स ३६० आणि 'वी' या गेमयंत्रांवर. ते बहुतेकांना रुचले नाहीत. आम्हाला हाताने काढलेलंच पाहिजे आणि दर वेळी ताजं पाहिजे. गिऱ्हाईक म्हणून आम्ही काही सोपे नाही.

'हा रोबो आहे का?' हा वाद मी लवकर उरकतो, कारण तो कधी संपतच नाही. 'व्ही'मध्ये यामातो हे अवकाशातलं जहाज आलं. 'टी'मध्ये काउबॉय बिबॉप आलं, ज्यात नाव घेण्याजोगा रोबोच नाही, त्याचा नायक स्पाइक आपलं छोटं यान घेऊन लढतो. २०१३च्या 'यूएक्स'मध्ये हात्सुने मिकू ही गाणारी आभासी मुलगी रोबोच्या रूपात आली. 'वाय'मध्ये गॉडझिलाच आला, 'सिंग्युलर पॉइंट' मालिकेतला. दर वेळी शुद्धतावादी चिडतात, आणि दर वेळी तेच लोक पहिल्या आठवड्यात त्या पाहुण्याची शस्त्रं पूर्ण वाढवून मोकळे होतात.

आता ज्यासाठी मी भाच्याला चहा थंड होऊ दिला, ती गोष्ट. या गेममध्ये मेलेल्यांना वाचवता येतं.

'झीटा गंडाम' नावाची १९८५ची मालिका आहे. तिच्यात फोर मुरासामे नावाची मुलगी आहे. फोर हे नाव नाही, आकडा आहे, प्रयोगातली चौथी. तिच्या आठवणी हिरावून तिला प्रचंड यंत्रात बसवलेलं असतं. मालिकेच्या नायकाशी, शत्रूकडच्या कामीयशी तिचं मन जुळतं, आणि ती मरते. मालिका संपते तेव्हा कामीयचंही मन विस्कटलेलं असतं. ज्यांनी ती कोवळ्या वयात पाहिली त्यांच्या गळ्यात तो आवंढा तसाच राहिला.

सुपारोबोच्या अनेक भागांत फोर नकाशावर शत्रू म्हणून येते. तिला पाडणं सोपं असतं. पण कामीयला तिच्या शेजारच्या चौकोनात नेऊन उभं केलं तर एक जादा पर्याय उघडतो: 'सेत्तोकू', मन वळवणं. एकदा बोलून भागत नाही. एका नकाशात बोलायचं, पुढच्या कुठल्यातरी नकाशात परत बोलायचं, मधे बाकीच्यांनी चुकून तिला पाडायचं नाही. गेम यातलं काही सांगत नाही. सगळं जमून आलं की ती तुमच्या बाजूला येते, आणि पुढच्या नकाशात कामीयच्या शेजारी, तुमच्या यादीत, तिचं नाव असतं. बस, एवढंच. कुठे फटाके नाहीत. पण मूळ मालिका पाहिलेल्या माणसाला विचारा. अशा एका नावासाठी लोकांनी तीस-तीस नकाशे पहिल्यापासून परत खेळले आहेत.

कधी माणूस वाचत नाही, त्याची अब्रू वाचते. 'गंडाम सीड डेस्टिनी'चा नायक शिन आसुका. मूळ मालिकेत तो हळूहळू बाजूला पडतो आणि आधीच्या मालिकेचे नायकच मखरात बसतात. यावर चाहते वर्षानुवर्षं जळफळत होते. २००८च्या 'झेड'मध्ये शिनला भोवती मोठी माणसं मिळाली, चूक कळायला वेळ मिळाला, आणि तो नायकासारखा उभा राहिला. लेखकांनी मूळ कथेचा मान ठेवून तिची दुखरी जागा दुरुस्त केली. म्हणून 'मालिकेपेक्षा सुपारोबोत बरी गोष्ट आहे' हे वाक्य चाहते हसत म्हणतात, पण थट्टेत नाही.

हे सगळं इतकी वर्षं जपानबाहेर पोचलं नाही याचं कारण पुन्हा पत्रिकाच. प्रत्येक मालिकेचा मालक वेगळा, गाण्याचा वेगळा, आणि परदेशातल्या हक्कांचा आणखी तिसराच. तुमचा रोबो हल्ला करतो तेव्हा पार्श्वभूमीला त्याच्याच मालिकेची धून वाजते. बहुधा ती नुसती वाद्यांवर असते, आणि मूळ गळ्यातलं गाणं हवं तर वेगळी महाग आवृत्ती. एवढी कागदपत्रं जगभरासाठी कोण करणार? म्हणून इंग्रजीत पहिल्यांदा आले ते 'ओरिजिनल जनरेशन'चे दोन भाग, २००६ साली, अमेरिकेत. त्यांत मागून आणलेलं कुणीच नव्हतं, सगळी गेम कंपनीने स्वतः घडवलेली पात्रं. या घरच्या पात्रांचा स्वतंत्र भक्तवर्ग आहे. त्यांचा शेवटचा मोठा भाग २०१६ला आला, आणि तेव्हापासून प्रत्येक घोषणेनंतर 'ओजी (म्हणजे ओरिजिनल जनरेशन) कधी?' हा सूर लागतोच. त्याच २०१६च्या भागापासून आशियासाठी इंग्रजी आवृत्त्या निघू लागल्या, आणि '३०' स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानातून थेट घरी आला.

त्याआधी आमच्यासारख्यांकडे लॅमिंग्टन रोड होता. तिथल्या एका दुकानातून मी गेम बॉय अ‍ॅडव्हान्सची कॅसेट आणली होती, 'ए' भागाची, अर्थातच जपानी आणि अर्थातच नकली. एक अक्षर येत नव्हतं. 'नेक्केत्सु' मी आकारावरून ओळखायचो: पहिल्या अक्षराच्या पायाशी चार ठिपके, चुलीवर भांडं ठेवल्यासारखे. अकराव्या नकाशाला कॅसेटने सगळं विसरून टाकलं. दुकानदार म्हणाला, "परत खेळा, काय बिघडतं?"

आणि प्रत्येक देशाचा रडण्याचा रोबो वेगळा. फ्रान्समध्ये ग्रेंडायझर 'गोल्डोराक' नावाने १९७८ला लागला आणि तिथली एक पिढीच्या पिढी त्याची झाली. फिलिपिन्समध्ये व्होल्टेस फाइव्हवर १९७९ला मार्कोस सरकारने बंदी घातली, शेवटचे भाग राहून गेले, आणि राहून गेलेल्या भागांची ओढ कधी जात नाही.

"आणि आपला?" भाच्याने विचारलं.

आपला दूरदर्शनवरचा 'जायंट रोबोट'. ऐंशीच्या दशकात चाळीत ज्यांच्याकडे टीव्ही होता त्यांच्या दारात चपलांचा ढीग लागायचा. एक लहान मुलगा मनगटावरच्या घड्याळात बोलतो आणि दगडी चेहऱ्याचा प्रचंड रोबो उडत येतो. शेवटच्या भागात तो रोबो मुलाचा हुकूम पहिल्यांदा मोडतो, खलनायकाला कवेत घेऊन अवकाशात जातो आणि परत येत नाही. मुलगा घड्याळात ओरडत राहतो. मी किती रडलो ते आई अजून पाहुण्यांना सांगते.

पंधरा-एक वर्षांनी दादरला एका मित्राच्या प्लेस्टेशनवर मी 'अल्फा' पाहिला, २००० सालचा. नकाशावर एक दगडी चेहरा आला. घड्याळातून बोलणारा मुलगा तोच, दाइसाकू. कथा आमच्या दूरदर्शनवाली नव्हती, पुढे नव्याने काढलेल्या अ‍ॅनिमेशनची होती, पण चेहरा तोच. माझिंगरच्या शेजारच्या चौकोनात उभा. मित्राला वाटलं माझ्या डोळ्यात काहीतरी गेलं. अल्फाच्या पुढच्या भागात मात्र त्याचं नावच नव्हतं. तेव्हापासून नवी यादी आली की मी ती वरून खाली एकदा आणि खालून वर एकदा वाचतो.

"मग या नव्यात आहे?"

"नाही."

"म्हणजे तू घेणार नाहीस."

"डाउनलोडला लावूनच विसर्जनाला आलो होतो."